बेस बनतच नाही? दर हंगामात परत येणाऱ्या अडचणीचा शोध कसा घ्यायचा

लक्षणं दर वर्षी तीच असतात. पावसाळा संपतो, ऑक्टोबरात सायकली बाहेर निघतात, चार-सहा रविवारी लांब राईडही होतात. मग नोव्हेंबर-डिसेंबरातली पहिली २०० ची बीआरएम, म्हणजे २०० किलोमीटर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची राईड, येते. शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंत सगळं झकास चालतं आणि त्यानंतर पाय रिकामे होतात. साधा उड्डाणपूलही नकोसा वाटतो. सोबतचे पुढे निघून जातात, उरलेलं अंतर कसंबसं ओढत संपवावं लागतं आणि पुढचे दोन आठवडे गुडघा कुरकुरत राहतो. पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

यावर ‘बेस कमी पडला, अजून किलोमीटर घाल’ असा सल्ला हमखास मिळतो. बेस म्हणजे हंगामापूर्वी सोप्या राईड करून बांधलेला दमाचा पाया. मला तो पटत नाही. पुणे, नाशिक, मुंबईकडच्या ज्या रायडरांच्या नोंदी मी पाहत आलो आहे, त्यांतल्या बहुतेकांचे किलोमीटर पुरेसे असतात, पण ते नको तेवढ्या जोरावर झालेले असतात. सोपी राईड सोपी राहत नाही, ही खरी अडचण. ती का राहत नाही, हे शोधायच्या तपासण्या खाली क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या दोन वगळून पुढे जाऊ नका, कारण बऱ्याच जणांचा दोष तिथेच सापडतो.

बेसच्या काळात शरीरात काय घडायला हवं ते आधी पाहून घेऊ. अनेक आठवडे बेताच्या जोरावर सायकल चालवली की स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, स्नायूंभोवतीचं केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि त्याच वेगाला शरीर चरबी जास्त, ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) कमी वापरतं. लांब अंतराला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. स्नायू आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी असतो. २०० किलोमीटरला मध्यम वजनाच्या रायडरला साडेतीन-चार हजार सहज लागतात. मधली तूट चरबीतून आणि खाण्यातून भरून काढायची असते. जोर वाढला की चरबीचा वाटा घसरतो आणि साठा लवकर संपतो. हे सगळं बदलायला शरीराला काही महिने लागतात. तीन रविवारांत ते होत नाही.

आणि वेगाची घाई हवीच कशाला? २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरूनसुद्धा ताशी १५ च्या आतली सरासरी पुरते. ६०० ला ४० तास, म्हणजे तिथेही ताशी १५. जो रायडर आरामात ताशी २२ ने चालवतो आणि दिवसभरात दीड तास थांबतो, त्याचे २०० किलोमीटर साडेदहा तासांच्या थोडं पुढे संपतात. तीन तास हातात राहतात.

आधी यंत्र तपासा

कोरड्या थंडीत पहाटे निघालं की पहिली दहा मिनिटं स्क्रीनवर हार्ट रेट १८०-१९० दिसतो आणि मग एकदम १२० वर येतो, अशी तक्रार नेहमी येते. छातीचा स्ट्रॅप कोरडा असला की असं होतं. घाम आला की संपर्क जुळतो आणि आकडा ताळ्यावर येतो. सैल सिंथेटिक जर्सी वाऱ्याने फडफडून घासली गेली की त्यात भर पडते. निघण्यापूर्वी स्ट्रॅपच्या आतले दोन्ही पट्टे पाण्याने चांगले ओले करा, स्ट्रॅप घट्ट बसवा, राईडनंतर धुवा. आकडा मधूनच गायब होत असेल तर सेल बदला.

मनगटी घड्याळावर बेसची मर्यादा ठरवू नका. सायकलवर मनगट वाकलेलं असतं, पकड घट्ट असते आणि आपल्या रस्त्यांवर हादरे सतत बसतात. प्रकाशाने नाडी वाचणारा सेन्सर अशा वेळी दहा-वीस ठोके इकडे-तिकडे सहज दाखवतो. शंका आली तर थांबल्याथांबल्या मानेवरची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. पॉवर मीटर (पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर राईडच्या सुरुवातीला झिरो ऑफसेट करा, म्हणजे त्याचा आकडा शून्यावर जुळवा, विशेषतः घरातली सायकल गारव्यात बाहेर काढल्यावर.

तुमची मर्यादा नक्की कोणती?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. समजा रायडर ४२ वर्षांचा आहे. २२० वजा वय या सूत्राने त्याचा कमाल हार्ट रेट १७८. त्याचे ७० टक्के म्हणजे १२५, ही झोन टूची, म्हणजे बेसला लागणाऱ्या सोप्या जोराच्या टप्प्याची, वरची हद्द. प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या १८० वजा वय या सूत्राने हद्द येते १३८. आणि अर्ध्या तासाची पूर्ण जोराची चाचणी देऊन शेवटच्या वीस मिनिटांचा सरासरी हार्ट रेट काढला, तो १६५ आला, तर सायकलिंग प्रशिक्षक ‘जो फ्रील’ यांच्या पद्धतीने ८१ ते ८९ टक्के धरून झोन टू येतो १३४ ते १४७. एकाच माणसासाठी १२५, १३८ आणि १४७.

वयाच्या सूत्रांवर भरवसा कमी ठेवा. कमाल हार्ट रेट एकाच वयाच्या माणसांमध्ये दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडे-तिकडे असतो, काहींमध्ये त्याहून जास्त. १२५ च्या हद्दीत राहायला गेलेला रायडर दोन आठवड्यांत कंटाळून सगळंच सोडून देतो. १४७ ची हद्द धरणारा बहुतेक वेळ वरच्या काठावर चालवतो आणि थोडा चढ आला की बाहेर पडतो.

निकाल बोलण्यावर लावा. सपाट रस्त्यावर, वीस मिनिटं अंग तापल्यावर, घरचा पूर्ण पत्ता पिनकोडासकट मोठ्याने, मध्ये श्वास न तोडता सांगता आला पाहिजे. हळूहळू जोर वाढवा आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा सांगा. हार्ट रेटच्या ज्या आकड्याला ‘फ्लॅट नंबर’ नंतर श्वास घ्यावा लागतो, त्याच्या पाच ठोके खाली तुमची हद्द. दोन वेगवेगळ्या दिवशी करून पाहा. वरच्या उदाहरणातल्या माणसाची हद्द बहुधा १३८ च्या आसपास निघेल. तेवढा एकच आकडा लक्षात ठेवा आणि पुढचे तीन महिने तो ओलांडू नका.

सरासरी फसवते

‘मी तर झोन टूमध्येच चालवतो, सरासरी १३६ आहे’ असं म्हणणाऱ्या रायडरची नोंद उघडली की आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. सिग्नलला ९५, सुटल्यावर १५५, उतारावर ११०, पुलावर १६२. सगळं मिळून सरासरी १३६. अडीच तासांतला पाऊण तास हद्दीच्या वर आणि तासभर काहीच न करता उतारावर गेलेला असतो. बेससाठी हवी तशी सलग, स्थिर मेहनत राहिली जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिनिटं.

म्हणून सरासरी पाहू नका. हद्दीच्या वर गेलेली मिनिटं पाहा. दोन तासांच्या राईडमध्ये ती दहाच्या आत असली पाहिजेत. दुसरं, पाय न फिरवता गेलेला वेळ पाहा. हिंजवडीला सायकलने जाणाऱ्यांनी हे नक्की तपासावं. ऑफिसची ये-जा ही चांगली सवय आहे आणि ती सोडू नये, पण सिग्नलसिग्नलला सुटताना जोर लावत झालेल्या त्या तासाला बेसच्या खात्यात धरू नका. दर सिग्नलला दोन गिअर हलके करून निघालात तर तो थोडाफार जमेस येतो.

घाट, गिअर आणि गणित

पुण्याहून दक्षिणेला किंवा पश्चिमेला निघालं की चढ चुकत नाही. सिंहगड, बोपदेव, दिवे घाट, कात्रज, पुढे खंबाटकी. घाटांवर आपलं प्रेम आहे, माझंही आहे, आणि बहुतेकांचा बेस तिथेच वाया जातो. ‘मी घाट अगदी हळू चढतो’ हे उत्तर पुरत नाही. का ते आकड्यांत पाहू.

रायडर ७५ किलोचा, सायकल आणि बाटल्या मिळून १० किलो. एफटीपी, म्हणजे तासभर कसाबसा टिकवता येईल असा जोर, १८० वॉट. हौशी रायडरला हा आकडा अगदी नेहमीचा आहे. एफटीपीच्या ५६ ते ७५ टक्क्यांनी त्याचा झोन टू येतो साधारण १०० ते १३५ वॉट. रोड बाईकवर पुढे ३४ दातांची लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), मागे सगळ्यात मोठी चकती २८ ची. या सगळ्यात हलक्या गिअरवर ६० च्या कॅडेन्सने (मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्या) वेग येतो ताशी ९ च्या थोडा वर. ८ टक्के चढावर एवढा वेग राखायला साधारण १८५ वॉट लागतात. म्हणजे सगळ्यात हलका गिअर टाकून, पाय जड जड फिरवत, शक्य तितकं हळू जाऊनसुद्धा हा माणूस एफटीपीच्या वर आहे. त्याला तिथे सोपं चालवताच येत नाही. ते त्याच्या हातात नाहीच.

मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) लावली तर त्याच कॅडेन्सला वेग उतरतो ताशी साडेसातवर आणि जोर १५५ वॉटच्या आसपास. गुडघ्यांना मोठा आराम, पण झोन टूच्या वरच. उलट चढ ३ टक्क्यांचा असेल तर १३५ वॉटमध्ये ताशी १५ ने मजेत जाता येतं.

तेव्हा उपाय असा. बेसच्या काळात ४ टक्क्यांहून जास्त चढाचे लांब पट्टे मार्गातून काढून टाका. पुण्यात पूर्वेकडे वळा. हडपसर ओलांडून उरुळी कांचन, यवत, चौफुला हा पट्टा सपाट आहे. वाहतूक जड असते, म्हणून पहाटे निघा आणि कडेच्या पट्ट्यातून चालवा. रस्ता नीरस आहे हे खरं, पण बेसला तोच उपयोगी पडतो. पानशेतकडचा रस्ता सुंदर आहे, मात्र त्यातले छोटे छोटे चढ-उतार आलेखाला पुन्हा दाते पाडतात. नवी मुंबईत पाम बीच रस्ता पहाटे चांगला, नाशिककरांना त्र्यंबक रस्ता आहे. नागपूरकडच्यांना सपाट रस्त्याची ददातच नाही.

कॅसेट मात्र बदलाच, घाट टाळत असलात तरी. ११-२८ वरून ११-३२ किंवा ११-३४ वर जाताना मेकॅनिकला आधी विचारा की तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एवढी मोठी चकती घेतो का. लहान पिंजऱ्याचा असेल तर घेणार नाही. चेनही नव्या लांबीची लागेल. हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल) असलेल्यांकडे पुढे बऱ्याचदा तीन चेनरिंग असतात आणि खूप हलके गिअर मिळतात. वेग कमी पडतो म्हणून ते खट्टू होतात, पण हृदयाला आणि स्नायूंना सायकलची किंमत कळत नाही. बेस त्या सायकलवर उत्तम होतो.

ऑक्टोबरचं ऊन आणि आपलं वेळापत्रक

इंटरनेटवरचे तयार आराखडे सांगतात की बेस नोव्हेंबर ते जानेवारीत करा. युरोप-अमेरिकेत ते बरोबर आहे, कारण तिथे तेव्हा बर्फ असतो आणि शर्यती वसंतात सुरू होतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. रँडोनिअर, म्हणजे बीआरएम करणाऱ्या, मंडळींचं वर्षही १ नोव्हेंबरला सुरू होतं. पुणे ते गोवा ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर ही शर्यत नोव्हेंबरातच भरते. मग बेस संपायला हवा ऑक्टोबरअखेर, म्हणजे सुरू व्हायला हवा आषाढ संपता संपता. आपण बेस सुरू करतो दसऱ्याला. एवढी एक गोष्ट बदलली तरी निम्मी अडचण सुटते.

शिवाय आपण सुरू करतो तो वर्षातला चांगलाच तापदायक महिना. उन्हात त्वचेकडे रक्त पाठवायचं, घामातून पाणी जायचं, रक्तातला द्रव कमी व्हायचा. त्यामुळे तेवढ्याच वॉटला हार्ट रेट दहा-पंधरा ठोके वर चढतो. सकाळी सातला १३० ला जो वेग मिळतो, तो साडेदहाला १४५ लाही मिळत नाही. रायडरला वाटतं फिटनेस गेला. प्रत्यक्षात ऊन वाढलेलं असतं. अशा वेळी हार्ट रेट धरून ठेवा आणि वेग पडू द्या. पहाटे साडेपाचला निघून साडेआठ-नऊला घरी या. मिसळ खायचीच असेल तर ती परत आल्यावर. अर्ध्या वाटेवर तिखट तर्री पोटात घालून, तासभर गप्पा मारून अकराच्या उन्हात परतणं बेसला मारक आहे.

पावसाळ्यात चालवायचं कसं? मडगार्ड लावा, चेनला पावसाळी वंगण द्या, मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. रिम ब्रेक असतील तर पॅड दर आठवड्याला पाहा, चिखलात ते भराभर झिजतात. साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नका, खाली खड्डा किती खोल ते दिसत नाही. वारा पश्चिमेचा असतो, म्हणून जाताना पश्चिमेला जा, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीशी असेल. आणि ताम्हिणीकडे शनिवार-रविवार फिरकू नका. पर्यटकांच्या गाड्यांमध्ये सोपी राईड होत नाही, सुरक्षितही नसते.

ज्यांच्याकडे इनडोअर ट्रेनर (सायकल घरात जागेवर चालवायचं यंत्र) आहे त्यांची एक नेहमीची अडचण: बाहेर १३० असणारा हार्ट रेट घरात १४५. समोर मोठा पंखा लावा, खिडकी उघडा. अंगावर वारा नसला की शरीर तापतं आणि तुम्ही पुन्हा उन्हाच्याच गणितात अडकता. ट्रेनरवर पाऊण तास ते सव्वा तास पुरेसा.

रविवारचा ग्रुप

ग्रुप सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. पहाटे पाचला अंधारात बाहेर पडायला लावणारी ताकद ग्रुपमध्येच असते. पण ग्रुपचा जोर त्यातला सगळ्यात ताजा माणूस ठरवतो, आणि स्ट्रॅवा अ‍ॅपवरचा सेगमेंट, म्हणजे वेळेची चढाओढ चालते तो रस्त्याचा तुकडा, आला की सगळ्यांचे हार्ट रेट हद्द सोडून जातात. निघण्यापूर्वीच सांगून टाका की तीन महिने मी मागे राहणार, पहिल्या चहाला भेटू. ग्रुपमधल्या आणखी दोघा-तिघांना हेच हवं असतं, कुणी आधी बोलत नाही एवढंच. सेगमेंट दाखवणारी सूचना स्क्रीनवरून बंद करा. रविवारी ग्रुपबरोबर जोरात जायचंच असेल तर निदान बाकीचे दिवस खरोखर सोपे ठेवा. सगळ्यात वाईट म्हणजे सगळे दिवस मध्यम: थकवा येतो, बेस येत नाही.

बेस बनतोय की नाही, याची खरी चाचणी

सपाट, ओळखीचा रस्ता घ्या. वीस मिनिटं अंग तापवा. मग दीड तास न थांबता, स्थिर जोराने चालवा. नोंदीचे पाऊण-पाऊण तासाचे दोन भाग करा. पॉवर मीटर असेल तर दोन्ही भागांत वॉट भागिले हार्ट रेट काढा. समजा पहिल्या भागात १३० वॉटला १३४ ठोके, दुसऱ्यात १३० वॉटलाच १४४. गुणोत्तर ०.९७० वरून ०.९०३ वर आलं, म्हणजे जवळजवळ ७ टक्के घसरण. ५ टक्क्यांच्या आत असेल तर तेवढ्या वेळेपुरता तुमचा बेस पक्का आहे असं धरायला हरकत नाही. ७ असेल तर अजून काम बाकी.

पॉवर मीटर नसेल तर एकच फेरी दोनदा मारा, दोन्ही वेळा हार्ट रेट तोच ठेवा आणि लागलेला वेळ पाहा. दुसरी फेरी स्पष्ट हळू झाली तर तेच उत्तर. चाचणी थंड वेळी, झोप झालेली असताना, पाणी पीत घ्या. नाहीतर उन्हाची चाचणी होते, बेसची होत नाही. दर चार आठवड्यांनी एकदा पुरे.

सव्वाशेला पाय संपले: दोष बेसचा की पोटाचा?

इथे स्क्रीन खूप काही सांगते. वेग पडलाय, पण हार्ट रेट नेहमीपेक्षा वर आहे, तोंड कोरडं आहे, लघवी गडद किंवा बराच वेळ झालेलीच नाही: पाणी आणि मीठ कमी पडलंय. सावलीत थांबा, ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात घाला. दाट केलं तर पोट बिघडतं.

वेग पडलाय आणि जोर लावूनही हार्ट रेट वर जातच नाही, चिडचिड होतेय, डोकं रिकामं वाटतंय: साखर संपली. केळं, चिक्की, गूळ, लिंबू सरबत, जे हाताशी असेल ते घ्या, आणि पंधरा-वीस मिनिटांत तरतरी आली तर दोष खाण्याचा होता. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. पहिल्या तासापासून खायला सुरुवात करा. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

खाऊन-पिऊन, विसावा घेऊनही पाय हलत नसतील, मांड्या दुखत असतील, तर तो बेसचा प्रश्न. त्या दिवशी त्यावर इलाज नाही. हलक्या गिअरवर वेळेत संपवा, घरी जा.

सगळं करूनही हार्ट रेट खाली येत नाही

सहा-आठ आठवडे प्रामाणिकपणे सोपं चालवूनही त्याच हार्ट रेटला वेग वाढत नसेल, तर सायकल सोडून बाकी आयुष्याकडे पाहा. रात्री एकला झोपून साडेचारला उठणाऱ्याचा बेस होत नाही. त्या दिवशी राईड सोडून झोपणं जास्त कामाचं. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजायची सवय लावा. नेहमीच्या आकड्यापेक्षा ती सात-आठ ठोके वर असेल आणि दोन-तीन दिवस तशीच राहिली, तर विश्रांती घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, चिकनगुनिया आणि नुसते विषाणूचे ताप घरोघरी असतात. ताप उतरल्यावर लगेच लांब राईडला जाऊ नका. डेंग्यूनंतर प्लेटलेट सुधारल्याचं आणि अंगात ताकद आल्याचं डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय नाहीच.

एकदा रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉइड). शाकाहारी रायडरांमध्ये आणि स्त्रियांमध्ये लोह किंवा बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला असू शकतं. रक्तातच प्राणवायू वाहायची क्षमता कमी असेल तर कितीही शिस्तीने चालवा, हृदयाला जास्त ठोके द्यावेच लागणार. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, लोह जास्त झालेलंही वाईट.

स्ट्रॅप ओला, सेल नवा, आणि तरी सपाटीवर आकडा १३० वरून अचानक १९० वर जाऊन तिथेच राहत असेल, छातीत धडधड जाणवत असेल, दुखत असेल, भोवळ येत असेल, तर राईड तिथेच थांबवा आणि ईसीजी काढा. चाळिशीच्या पुढे, घरात हृदयविकार असेल तर हंगामापूर्वी हृदयाची तपासणी करूनच सुरुवात करा.

गुडघ्याबद्दल थोडक्यात. समोर, वाटीपाशी दुखत असेल तर सॅडल बहुधा खाली आहे किंवा गिअर जड पडतोय. मागे, लवणीत दुखत असेल तर सॅडल बहुधा उंच आहे. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवा आणि आठवडाभर पाहा. कॅडेन्स ८० च्या वर ठेवा. दुखणं महिनाभर टिकलं तर सायकल अंगमापाला जुळवून (फिट करून) घ्या किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आठवडा कसा लावायचा

पाच तासांपासून सुरू करून दहा-बारा आठवड्यांत आठ-नऊ तासांवर जा. मंगळवार-गुरुवारी तास-तास, शनिवारी दीड, रविवारी अडीच. मग रविवारची राईड हळूहळू चार तासांपर्यंत. तीन आठवडे वाढवा, चौथ्यात निम्मं करा. हा चौथा आठवडा गणपतीत बसवा. पुण्यात त्या दिवसांत रस्तेही मोकळे नसतात आणि ढोल-ताशा पथकात असाल तर खांद्याला आणि झोपेला आधीच पुरेसा ताण असतो. नवरात्रात नऊ दिवसांचा उपास करणाऱ्यांनी राईड दीड तासाच्या आत ठेवाव्यात. दिवाळीत दोन आठवडे पूर्ण सुट्टी घेऊ नका. सुट्टीत सगळ्यात आधी रक्तातला द्रव कमी होतो आणि परत आल्यावर हार्ट रेट चढलेला दिसतो. एक दिवसाआड तासभर चालवलं तरी बेस टिकतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ज्यांना आठवड्यात चारच तास मिळतात त्यांनी सगळे सोपे ठेवले तर फार प्रगती होणार नाही. त्यांनी एक दिवस वीस-वीस मिनिटांचे दोन टेम्पो पट्टे, म्हणजे तुटक तुटक बोलता येईल एवढ्या जोराचे, घालावेत आणि दर दोन आठवड्यांनी एक चार तासांची राईड मिळवावी. २०० साठी ते पुरतं. २०२७ च्या फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राईडवर नजर असेल, म्हणजे २००, ३००, ४००, ६०० ची पूर्ण मालिका आणि नंतर १२०० किलोमीटर ९० तासांत, तर चार तासांचा आठवडा पुरणार नाही. वेळेची सोय घरच्यांशी बोलून आधीच करा.

दीड तासाच्या चाचणीत घसरण सलग दोनदा ५ टक्क्यांच्या आत आली की बेसचं मुख्य काम झालं. मग आठवड्यातून एक जोराचा दिवस घाला, बाकीचे आहेत तसेच सोपे ठेवा, आणि घाट परत सुरू करा: आधी कात्रजचा जुना घाट, दोन-तीन आठवड्यांनी बोपदेव, आणि पहिली २०० झाल्यावर सिंहगड.